पाच शेअरचा भागीदार

सानगडीच्या आठवडी बाजारात मी खाण कंपनीच्या विक्रीविरुद्ध पत्रकं वाटत होतो. टपरीवर छोटे शेअरवाले मात्र खुशीत होते. "कंपनी मोठा मालक घेऊन राहिला म्हणते. भाव दुप्पट होईन!"

एका म्हाताऱ्या विणकराने माझं पत्रक कापडासारखं चिमटीत चोळून पाहिलं. त्याचा पोरगा त्याच खाणीत कंत्राटावर होता.

"भागीदारीतला माग विकाचा त भागीदाराले विचारा लागते. मी बी भागीदार आहो. विचाराले आले का पोराचं काम राखाले सांगतो."

"पाच शेअरचा भागीदार!" टपरीवर हशा पिकला.

पाच शेअरवाल्याला कंपनी घेणारी माणसं दारातही उभं करत नाहीत, हे मी ठणकावून सांगणारच होतो. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "बाबू, पत्ता लिहून घे. ते आले त सांगजो, बाजाराच्या दिवशी तेवढा मी घरी नसतो."

मी पत्रकाच्या पाठीवर पत्ता लिहून घेतला.