चाकाखालचा दगड

मांडवीतल्या आमच्या शेजारच्या काकी मासळी विकतात. रविवारी मात्र हायवे टाळून घाटातले आडरस्ते शोधत स्वतः गाडी चालवतात, आणि सोबतीला मी. ट्रकवाल्यांनी बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाला लावून वाटेतच सोडलेला दगड दिसला, की त्या थांबणार, उतरणार आणि तो उचलून कडेला ठेवणार. मला त्याचा कंटाळा येतो.

परवा गुहागरकडच्या एका खड्या चढावर आमचीच गाडी बंद पडली. मी मागच्या चाकाला दगड लावला. तिसऱ्या खेपेला गाडी निघाली, ती काकींनी थेट माथ्यावरच थांबवली. पदर खोचून त्या उन्हात परत खाली निघाल्या.

"काकी, एका दगडासाठी एवढं खाली जाताय?"

"इतके दिस दुसऱ्यांचे उचलते, नि आपला सोडून जाऊ?"