काठाला परत आलेला कण

भूतखेत, करणी, नजर... या गोष्टींवर मी खो-खो हसणारा माणूस. आजही हसतो, पण जरा सांभाळून.

मी चंद्रपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात पीएचडी करतो. विषय — पाण्याचा प्रवाह कॉम्प्युटरवर चालवून बघणं. तलावाचे बारीक तुकडे पाडायचे आणि पुढच्या क्षणी पाणी कुठे असेल ते मोजत जायचं. क्षण छोटा घेतला तर गणित चालतं. मोठा घेतला की आकडे भलतेच फुगतात आणि मॉडेल फुटतं.

शेजारच्या टेबलावर सुषमा. नागभीडकडची, तलावात मासे धरणाऱ्या घरची. माझं मॉडेल आठवड्यातून तीनदा फुटायचं, तिचं एकदाही नाही! हैदराबादच्या परिषदेला आमचे गाईड सर एकालाच पाठवणार होते आणि जो तो म्हणे, "सुषमाच जाईल." खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट व्हायचा. तिचं हसणंसुद्धा मला टोचायला लागलं होतं.

एका दुपारी ती डबा खायला गेली. मी तिच्या फाइलमध्ये क्षणाच्या मापात अर्ध्या सेकंदाच्या जागी वीस सेकंद टाकले. म्हटलं, आता बघू महाराणीचा तोरा!

ती आली, रन दाबलं... आणि मॉडेल चाललं! तिच्याच गावचा तलाव होता. पाणी कुठे नेतं ते बघायला तिने मॉडेलमध्ये काठावरून दोन कण सोडले होते. एक सरळ सांडव्याकडे गेला. दुसरा थोडा आत जाऊन वळला आणि प्रवाहाच्या उलट काठाला परत आला. तीनदा.

"हे काय रे?" ती म्हणाली.

"एरर असेल," मी म्हटलं. संध्याकाळी गुपचूप आकडा पूर्ववत केला.

दुसऱ्या दिवशी मोजमापासाठी आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. तिचे वडील, महादेवभाऊ, जाळं टाकायच्या तयारीत होते. त्यांच्या घरची रीत — जाळ्याआधी काठावरच्या प्रत्येकाने पळसाच्या पानाचा द्रोण पाण्यात सोडायचा.

"मनात कोनाबद्दल काई वाईट असन त आधी बोलून टाका, सर," भाऊ म्हणाले. "पान्याले समजते."

"छे हो, काहीच नाही."

सुषमाचा द्रोण सांडव्याकडे गेला. माझा थोडा आत जाऊन वळला आणि माझ्या पायाशी आला. लोटला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो. वारा अजिबात नव्हता — तुम्ही विचारालच म्हणून सांगतो.

भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जाळं गुंडाळलं. "आज नाई टाकत. सुषमा, सरले चहा ठेव." त्या दिवशी त्या घरी मासोळी आली नाही, माझ्यापायी.

परत आल्यावर सुषमाने ते मॉडेल पुन्हा पुन्हा चालवलं. तो कण काही परत वळेना. शेवटी तिने गाईड सरांना सांगितलं, "जे मला समजलं नाही ते मी लोकांपुढे मांडणार नाही. याला पाठवा."

हैदराबादला मी गेलो. टाळ्याही मिळाल्या.

वीस सेकंदांवर ती फाइल मी नंतर कितीदा तरी चालवून पाहिली. दर वेळी सुरुवातीलाच फुटते. त्या दुपारी कशी चालली, देव जाणे.

सुषमा, वाचकांच्या अनुभवांचं हे सदर तू वाचतेस. तो कण का परतला ते मला आजही सांगता येत नाही. पण वीस सेकंद मी टाकले होते.