पंपघरातले दिनकरकाका

मेधाचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात होते. "बाबा गेले गं. चहा घेतला, माझ्याशी बोलत होते, आणि बोलता बोलताच..." त्याला आता दीड महिना झाला. दिनकरकाका हे माझ्या या मैत्रिणीचे वडील. काकू गेल्यावर ते पुण्याहून इथे बुकित तिमाह भागात लेकीकडे राहायला आले आणि तिच्याच उंच इमारतीत राहणाऱ्या माझेही काका झाले. अठराव्या मजल्यावर नळाला धो धो पाणी येतं याचं त्यांना कौतुक होतं, पण त्याहून जास्त कुतूहल ते पाणी वर चढवणाऱ्या माणसांचं. आल्यावर पहिल्याच आठवड्यात खालच्या पंपरूममधल्या तमिळ मेकॅनिकशी त्यांची गट्टी जमली होती.

नव्वदच्या दशकात ते लायबेरियातल्या नदीकाठच्या एका गावात पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर होते, एवढंच मला ठाऊक होतं. एका रविवारी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या एका टपरीवर कॉफी पिताना ते आपणहून बोलू लागले. यादवी पेटली तशी त्यांनी बायको-मुलीला पुण्याला पाठवलं आणि स्वतः मागे राहिले. पंप चालवायला ते आणि सॅम्युअल नावाचा ऑपरेटर, असे दोघंच उरले होते. बंडखोरांचा आधी एकच गट होता. मग त्यांच्या दोन नेत्यांचं फाटलं, आणि गाव कधी याच्या, कधी त्याच्या ताब्यात जाऊ लागलं. "जो येई तो मला म्हणे, तू त्यांचा माणूस," काका सांगत होते. "पाणी मात्र दोघांनाही लागायचं."

मग एका कमांडरने हुकूम सोडला... पलीकडच्या काठावरच्या वस्तीचं पाणी तोडा. तिथे दुसऱ्या नेत्याच्या जमातीची माणसं राहत. काकांनी सॅम्युअलला सांगून त्या लाइनच्या व्हॉल्व्हचं चाक काढून नदीत टाकायला लावलं. गंजलेला व्हॉल्व्ह चाकाशिवाय हलेना आणि पलीकडे पाणी जात राहिलं. दुसऱ्या दिवशी कमांडर बंदुका घेतलेल्या माणसांसह पंपघरात आला. चाक कोणी काढलं, असं त्याने दरडावून विचारलं.

"सॅम्युअल म्हणाला, मी."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी गप्प राहिलो."

सॅम्युअलला ते घेऊन गेले. काकांनी आठ दिवस एकट्याने पंप चालवला. मग परदेशी लोकांना बाहेर काढणारी गाडी आली आणि काकांना निघावं लागलं. सॅम्युअल जिवंत आहे की नाही, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं.

त्यानंतर मेधा आणि मी फेसबुकवर सॅम्युअलला शोधत राहिलो. दीडेक वर्षाने लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया इथल्या एका चर्चच्या फोटोत ते नाव सापडलं, आणि माणूसही तोच निघाला. व्हिडिओ कॉल लागला तेव्हा पडद्यावर पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ हसत होते. उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. काका खुर्चीतून उठून उभे राहिले. "ते चाक मी काढायला लावलं होतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, सॅम्युअल."

"साहेब, तुम्ही बोलला असता तर पंप कोणी चालवला असता?" सॅम्युअल म्हणाले. "नवव्या दिवशी मला सोडलं. पंपघरात आलो तर तुम्ही नव्हता. मग मी चालवला."

कॉल संपल्यावर मी काकांना विचारलं, आता बरं वाटतंय ना? ते म्हणाले, "तो मोठ्या मनाचा आहे गं. म्हणून माझं गप्प बसणं काही लहान होत नाही." त्यांनी स्वतःला माफ केलं असं मला कधी वाटलं नाही, पण दर रविवारी ते सॅम्युअलशी बोलू लागले आणि बोलताना खळखळून हसायलाही लागले.

काका गेल्याचं सॅम्युअलना मीच फोन करून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "शेवटी जवळ कोणी होतं?"

"हो. लेक होती."

"बरं झालं," ते म्हणाले. "कोठडीत मला सारखी एकच काळजी असायची... साहेब पंपावर एकटे असतील."