उशाला घेतलेला ठोकळा

सुभाषचा फोन आला तेव्हा मी एका ट्रकच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बसवत होतो. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमानं, तीन फेऱ्यांत आवळायचे असतात. मध्येच हात थांबला की क्रम चुकतो आणि पुढं हेड गळायला लागतं. दुसरी फेरी चालू होती. फोन उजव्या कानाशी खांद्यात दाबून धरला, कारण डाव्या कानानं मला ऐकू येत नाही. सुभाष आयटीआयत माझ्या बॅचला होता. म्हणाला, "प्रदीप, इंगळे सर गेले बे." मी विचारलं, "कसे?" तो म्हणाला, "गाडीखाली. जॅक सरकला." मी फोन ठेवला, उरलेले बोल्ट आवळले, तिसरी फेरीही पूर्ण केली. मग पाना जागेवर ठेवून शेडच्या मागं गेलो आणि भिंतीला हात लावून ओकलो.

याला आता सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहायचं असा रिवाज आहे. मी तसं लिहून पाहिलं आणि दोन कागद फाडले. शालिग्राम इंगळे हे आमचे डिझेल मेकॅनिक ट्रेडचे सर होते. आज मी चार माणसांत मिस्त्री म्हणून उभा आहे तो त्यांच्यामुळे. आणि माझा डावा कान त्यांनीच फोडला. ही तिन्ही वाक्यं सारखीच खरी आहेत आणि यातलं एक गाळून बाकीची दोन लिहायला मला जमत नाही.

आमची आयटीआय जिल्ह्यातली एक लहानशी, पत्र्याच्या वर्कशॉपची. पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला पाना दिला नाही, करवत दिली. मागच्या कुंपणाजवळ बाभळीचे ओंडके पडले होते. प्रत्येकानं आपापला ठोकळा कापायचा, हातभर लांब, वीतभर जाड, आणि त्यावर पटाशीनं आपलं नाव कोरायचं. गाडी जॅकवर घेतली की खाली शिरण्याआधी एक्सलखाली, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्याखाली, तो लावायचा. ज्याचा ठोकळा त्यानंच लावायचा, आणि गाडीची चावी खाली जाणाऱ्याच्या खिशात. सर अंगानं काडी, आवाज मात्र वर्कशॉपभर. म्हणाले, "जॅक गाडी उचलते बे, धरून ठेवत नाई. धरते ते लाकूड. आन लाकूडच काऊन? लाकूड मोडाच्या आधी करकरते, तुमाले बाहीर निघाचा टाइम देते. वीट सांगत नाई. वीट एकदम भुकटी होते." आम्ही करवतीनं सोललेले हात चोळत उभे होतो. आपण इंजिन शिकायला आलोय की सुतारकी, असं एकजण पुटपुटला आणि त्याच्या पाठीत इंजिनाच्या पंख्याचा जुना पट्टा सटकन बसला.

सर मारायचे ते असे. चुकीच्या मापाचा पाना लावला की तोच पाना बोटांवर. चालू इंजिनाजवळ बाही सैल ठेवून गेलं की बाही खांद्यापासून फाडायचे. माझ्या आईनं शिवलेले दोन शर्ट असे गेले. त्यांच्या उमेदवारीच्या दिवसांत शेजारी काम करणाऱ्याचा हात बाहीसकट पंख्यात गेला होता. ते त्यांनी आम्हाला इतकं बारीकसारीक सांगितलं, की ऐकताना आमच्यातला एक धडधाकट पोरगा भिंतीला टेकून खाली बसला. आम्ही त्यांना घाबरायचो, मागं शिव्या द्यायचो, आणि त्यांनी सांगितलेलं सगळं करायचो. एक मीच होतो ज्याला वाटायचं की आपल्याला आता येतं.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. एप्रिल, वरचा पत्रा तापलेला. भंगारातून आणलेल्या ट्रकचा पुढचा कमानपाटा, म्हणजे गाडीचं ओझं झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचा जुडगा, मला उतरवायचा होता. चाक काढलं, जॅक लावला आणि उताणा होऊन खाली शिरलो. वर बघत बोल्ट सोडवताना मान भरून येते. ठोकळा हाताशीच होता. एक्सलखाली लावायचा तो मी डोक्याखाली घेतला, दोनच बोल्ट तर आहेत म्हणून. बरं वाटलं. बाहेरून सरांचा आवाज आला, "खरात, ठोकळा कुठी हाय?" मी आतून म्हणालो, "इथंच आहे सर." खोटं नव्हतं ते. सर वाकले. त्यांनी पाहिलं.

माझे दोन्ही पाय धरून त्यांनी मला असं ओढलं की पाठीची कातडी फरशीवर राहिली. उठायच्या आत पट्टा, पुन्हा पट्टा, मग उघड्या पंजाची एक, डाव्या कानावर. कानात फटाका फुटल्यासारखं झालं आणि सगळं बधिर झालं. सरांचे ओठ हलताना दिसत होते. "उशाला घेतला? उशाला?" मग त्यांनी लाथेनं जॅकचा वाल्व्ह फिरवला. गाडी आली. एवढं लोखंड खाली यायला काहीच वेळ लागत नाही, डोळ्याची पापणी लवली तेवढ्यात एक्सल माझ्या ठोकळ्यावर आदळला होता, जिथं अर्ध्या मिनिटापूर्वी माझं डोकं होतं. बाभळीचा ठोकळा उभा चिरला. धूळ उडाली. "आता जाय," सर म्हणाले, "झोप तिथंच." तेवढ्यात माझ्या कॉलरवर रक्त उतरलेलं त्यांना दिसलं. त्यानंतर ते माझ्याकडं पाहत नव्हते, स्वतःच्या हाताकडं पाहत होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावाहून, वडनेरहून, माझे वडील आले. ते दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, आमच्या बौद्ध वस्तीतून आयटीआयपर्यंत पोचलेला पहिला पोरगा मी. मला वाटलं, बाबा आता सरांची गचांडी धरतील. बाबांनी तो चिरलेला ठोकळा उचलला, चिरेत बोट घालून पाहिलं, आणि सरांपुढं हात जोडले. सर ओरडले, "हात जोडू नका, खरातभाऊ. पोट्ट्याचा कान गेला. तक्रार लिवा, मी खाली सही करतो." बाबा म्हणाले, "तक्रार काह्याची सर? कान एकच गेला, डोक्सं राह्यलं ना." माझ्या डोळ्यांदेखत त्या दोघांनी माझा कान आपसात मिटवून टाकला. सरांचा मला जितका राग आला त्याहून जास्त बाबांचा आला आणि तो पुष्कळ वर्षं टिकला. बाबा गावी परतल्यावर सरांनी आपला स्वतःचा ठोकळा माझ्या हातात दिला. जुना, तेल पिऊन काळा झालेला, कडेला 'शा. इं.' कोरलेला. "दुसरा करेपावतर हा वापर." मी दुसरा केलाच नाही.

डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय. आता डिझेलवाल्याचा अर्धा धंदा कानावर चालतो. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि कोणता सिलिंडर ठोकतोय ते ऐकायचं. मी घरी बसायचं ठरवलं होतं. चौथ्या दिवशी सरांनी निरोप धाडून बोलावलं, चालू इंजिनापुढं उभं केलं. मी पेचकस उजव्या कानाकडं नेला तर त्यांनी मनगट धरलं. "तिकडं नाई. डावीकडं. कानात नाई बे, कानामांगच्या हाडाले लाव." मी लावला... आणि आत, मेलेल्या बाजूला, टक् टक् टक्, खणखणीत. आयुष्यात इतकं स्वच्छ इंजिन मी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर दुसरीकडं तोंड करून म्हणाले, "कोनता?" मी म्हणालो, "तीन नंबर." "बराबर." माफी त्यांनी कधी मागितली नाही. तेव्हापासून माणसं मी उजव्या कानानं ऐकतो आणि इंजिनं डाव्या. नको असलेलं बोलणं कुणी सुरू केलं की हळूच डावी बाजू पुढं करायची, हीही सोय झाली.

पुढं मी मलकापूरजवळ महामार्गावरच्या एका वर्कशॉपात लागलो आणि तिथंच मोठा मिस्त्री झालो. आयटीआयची पोरं आमच्याकडं हात बसवायला येतात. मी त्यांना मारतो. लपवत नाही. मागच्या वर्षी एकाचा ओठ फाटला, तीन टाके पडले. मालक बोलले तेव्हा मी त्यांना ठासून सांगितलं होतं की माझ्या हाताखालचा एकही पोरगा अजून गाडीखाली सापडलेला नाही, आणि मी स्वतः जिवंत आहे तो एका थपडेमुळे. हे वाक्य मला पाठ होतं.

सर जायच्या दोनेक महिने आधी त्यांचा फोन आला होता. रिटायर होऊन ते शेगावच्या अलीकडं रस्त्याकाठच्या गावी राहत होते. "माहा ठोकळा हाय का बे तुह्याजवळ? आनून दे. अडल्यानडल्या गाड्या येतात घरी." मी म्हणालो, "येतो सर, रविवारी." तो रविवार गेला, पुढचे पाच-सहा गेले. कामं होती हे खरं. पण सरांनी माझ्याकडं काही मागावं हे मला आवडलं होतं आणि त्यांनी आणखी एकदा मागावं असं वाटत होतं, हे जास्त खरं. त्यांनी परत फोन केला नाही.

त्यांच्याकडं एक टिप्पर आला, पुढचा कमानपाटा तुटलेला. ड्रायव्हर घाईवर आलेला. नांगरट जमीन, जॅकखाली फळी नाही, एक्सलखाली विटा. विटा... आम्ही लावल्या असत्या तर सरांनी आम्हाला फोडून काढलं असतं. जॅक मातीत खचला, विटांची भुकटी झाली, ड्रायव्हर पळून गेला. शेजारच्यांनी खांदे लावून पाहिले. ट्रॅक्टर येऊन एक्सल उचलेपर्यंत अर्धा तास गेला, आणि त्यातली पहिली काही मिनिटं सर बोलत होते म्हणे.

मसणवट्यात मी लांब उभा होतो. घरी गेलो तो पंधरा दिवसांनी, ठोकळा पिशवीत घालून. अंगणापुढं तो टिप्पर तसाच, नाक मातीला टेकून उभा, बाजूला तांबडी भुकटी. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, ओट्यावर बसल्या होत्या. मी ठोकळा काढला. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. "आनला का आता?" मी मान खाली घातली. मग त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी लाकूड पाहत होते घरभर. मनले, माहा ठोकळा खरातच्या पोट्ट्याजवळ हाय, आज विटाइवर भागवतो." बाभळी त्या गावात ढिगानं आहेत, कोणतंही लाकूड चाललं असतं, हे मला कळतं. कळून काही होत नाही. जाताना काकू म्हणाल्या, "हे गाडी इथून ने बापा. सकाळी उठलं का तेच दिसते."

टिप्परच्या मालकाला फोन केला, तो म्हणाला काय करायचं ते करा. दुसऱ्या दिवशी नवा पाटा घेऊन गेलो. जॅकखाली फळी टाकली, सरांचा ठोकळा लावला, चावी खिशात घातली आणि जिथं ते होते तिथं उताणा झालो. मातीत त्यांच्या चपलेचा तुटका अंगठा होता. तो वरच्या खिशात ठेवला. काकू माझ्या उजव्या हाताला दगडावर येऊन बसल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलायला लागल्या. "लय बैताड, येडाच होता मानूस. पन तुह्या कानानंतर त्यायनं कोनावर हात नाई उचलला. रिटायर होईपावतर नाई. मी इचारलं तं मने, आता मी गाडीपुढं खुर्ची टाकून बसतो. ठोकळा लागलेला डोळ्यानं पाह्यल्याबिगर उठत नाई."

माझ्या हातातला पाना थांबला. पंधरा वर्षं मी समजत होतो की मी सरांची रीत चालवतोय. ती रीत त्यांनी माझं रक्त पाहिलं त्याच दिवशी टाकून दिली होती. मी त्यांच्याकडून मार शिकून बाहेर पडलो, थांबणं शिकायचं राहून गेलं. वर एक्सल, खाली त्यांचा ठोकळा. तो करकरलाही नाही.

टिप्पर निघून गेला तेव्हा ठोकळा मातीत दोन बोटं रुतला होता. उपटून पुसला आणि काकूंपुढं धरला. त्या म्हणाल्या, "ने तूच. मले काय करायचा?" मग माझ्या तोंडाकडं पाहत, "तू मारतं का रे पोट्ट्यायले?" सवयीनं मी मान फिरवली, डावी बाजू पुढं केली. पण त्यांचं विचारून झालं होतं, तेही उजवीकडून. मला ऐकू आलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

ठोकळा आता परत माझ्या शेडमध्ये आहे, दारातून शिरल्याबरोबर दिसेल असा. पोरं गाडी जॅकवर घेतात तेव्हा मी पुढं खुर्ची टाकून बसतो. एखादा पोरगा ठोकळा न लावताच वाकतो, आणि माझा हात उठायला लागतो. मग मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतो, त्यांच्यावर सगळं वजन टाकतो, आणि त्यानं ठोकळा लावेपर्यंत तसाच बसून राहतो.