मधला चौक

गोधडी एकटीनं शिवता येत नाय. कोणी सांगत असंल येते, तर तिला खुशाल सांगा, बाईजा बोलते तू थापा मारतेस. बाळाचं दुपटं शिवेल एकटी. पण सात लुगड्यांची, अंगभर पांघरायची जाड गोधडी? छट्! सारवलेल्या जमिनीवर लुगडी एकावर एक अंथरायची, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे, लांब लांब कच्चे टाके घालून सगळं जागेवर धरायचं, नि मंग कडेपासून धावदोरा घालत घालत आत यायचं. एक बाई या अंगाला, एक त्या अंगाला. एकटीच बसलात तर आतलं लुगडं सरकतं नि एकीकडं गोळा होतं. समोरची बाई ते ओढून धरते. टोकावड्याच्या बाजारात गणू टेलर आहे, त्याच्याकडं नेऊन बघा. त्याच्या मशीनच्या पायाखाली सात लुगडी जातच नायत. "मावशी, सुई मोडेल माझी, उचला तुमची ही गादी," असं बोलतो मेला.

माझ्या समोर सरूबाय बसायची. नाव सरस्वती, पण सगळा पाडा तिला सरूबाय बोलायचा. तिचं घर नि माझं घर, मधे एक शेवग्याचं झाड. ती माझ्यापेक्षा दहा-बारा वर्सांनी मोठी, नवरा कवाच गेलेला, पोटाला एकच पोर, देवकी. माळशेजच्या रस्त्याकडच्या पाच-सहा पाड्यांतल्या गोधड्या आमच्या दोघींच्या हातच्या. लोक जुनी लुगडी, धोतरं गाठोड्यात बांधून आणून द्यायचे, आमी शिवायचो. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, एकसारखा. माझा टाका लांब नि वाकडा, शेतात नांगराची रेघ पडते तसा. "तुझे टाके म्हंजे नांगराचे तास गो बाईजे," असं बोलून ती मला चिडवायची. मी पण गप बसणारी नाय. मी बोलायची, "तास तर तास, पीक येतं ना?" मंग दोघी हसायचो, नि सुया चालूच.

मंग तिच्या डोळ्यांत फूल पडायला लागलं. आधी उजव्या, मंग डाव्या. सुईचं नाक दिसेना. पण बाई हटली नाय. बोटांनी चाचपत शिवायची. मी रोज सकाळी शेवगा ओलांडून जायची, दहा सुयांत दोरा ओवून एका चिंधीच्या बोळ्यात टोचून ठेवायची, नि तेवढ्यात तिचा दिवस निघायचा. दुपारी माझं काम उरकलं की मी समोर येऊन बसायची. दिसेनासं झालं तरी टाका तोच, तांदळाचा दाणा. मला त्याचं लई नवल वाटायचं.

देवकी डोळखांबकडं दिलेली. जावई भगीरथ, माणूस वाईट नाय, पण घरात खायला भात पुरत नाय म्हणून दिवाळी झाली की कल्याणकडं वीटभट्टीवर जायचा. भट्टीवर जोडी लागते. एकट्या गड्याला कोणी ठेवत नाय. म्हणून देवकी पण जायची, पोटुशी होती तरी गेली. ठरलं असं होतं की शिमगा झाला की ती आईकडं येईल, बाळंतपण इकडं होईल. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट.

सरूबायनं त्या बाळासाठी गोधडी घातली. आमच्याकडं रीत आहे, लेकीच्या पहिल्या बाळाची गोधडी आजी शिवते, स्वताच्या नेसत्या लुगड्यांची. चारी बाजूंनी शिवत आत यायचं, पण मधला चौक, वीतभर जागा, तेवढी मोकळी ठेवायची. बाळ जन्माला आलं, त्याचं रडणं कानावर आलं, की मंग आजीनं दोन दाणे तांदूळ आत टाकून तो चौक शिवायचा. बाळ यायच्या आधी गोधडी पुरी करायची नाय. केली तर बाळ राहत नाय, असं म्हातारी माणसं सांगायची. मी तेव्हा तोंडानं बोलायची, कसला शकुन नि कसलं काय! माझी जीभ अशीच, कात्रीसारखी. सगळ्यांना माहीत होतं.

पण आमच्या पाड्यात अशा समजुतींपायी काय होतं तेही मला माहीत होतं. दोन वर्सं आधी आमच्यातल्याच एका बाईचं, कमळचं, तसं झालं होतं. शेजारच्या पोराला ताप आला, पोर गेलं, नि कमळनं त्याच दिवशी त्याला भाकर दिली होती. एवढंच. लोक बोलले, भुताळी आहे. तिच्या घरावर दगड पडले. दोन लेकरं घेऊन ती निघून गेली ती शहापूरला, हायवेच्या ढाब्यावर भांडी घासत राहिली. परत कोणी तिचं नाव घेतलं नाय.

तर त्या शिमग्याच्या आधी शहापूरला डोळे तपासायचं शिबिर होतं. अंगणवाडीच्या बाईनं पाच म्हाताऱ्या जीपमधून नेल्या, त्यात सरूबाय. दोन दिवस लागणार होते. जाताना मला बोलली, "बाईजे, घराकडं बघ गो. उंदीर लई झालेत."

मी बघायला गेले. गोधडी ओटीवर पसरलेली. उंदरानं मधल्या मोकळ्या चौकात तोंड घातलं होतं, आतली चिंधी बाहेर ओढली होती. मला रागच आला. एवढं नाजूक काम, आंधळ्या बाईनं बोटं टोचून घेऊन केलेलं, नि हा मेला उंदीर ते खाणार! ती आली की परत चाचपत बसणार, परत बोटं फोडून घेणार. मला अर्धं काम बघवत नाय, हा माझा जन्माचा रोग. मी सुई घेतली. चिंधी आत सारली नि मधला चौक शिवून टाकला. तांदूळ पण नाय घातले. तास-दीड तासाचं काम. शिवताना मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. वाटलं, सरूबाय आली की शिव्या देईल, मंग हसेल.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा दारात भगीरथ बसला होता.

देवकीला आठव्या महिन्यातच भट्टीवर कळा लागल्या. जवळ कोणी बाई नव्हती. बाळ मेलेलंच आलं, मुलगा होता. देवकी वाचली. भगीरथ हे सांगत होता नि मान वर करत नव्हता. सगळा पाडा अंगणात जमला. सरूबाय रडली नाय. चाचपत ओटीवर गेली, गोधडी उचलली, छातीशी धरली. मंग तिची बोटं मधे गेली. मधे जाऊन थांबली.

मी शेवग्याखाली उभी होते.

रखमी तिच्या शेजारीच होती. तिचं तोंड म्हंजे पाड्याची दवंडी. ती ओरडली, "अगो, हा चौक शिवलेला आहे! बाळ यायच्या आधी? कोणी शिवला?"

सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माझी कात्रीसारखी जीभ, ती टाळ्याला चिकटली. तेवढ्यात सरूबाय बोलली, "मीच. डोळ्यानं दिसत नाय. कडेकडेनं शिवत आले, हात पुढं गेला, मला कळलंच नाय."

रखमी कपाळावर हात मारून बोलली, "आंधळे, नातू खाल्लास गो स्वताचा."

नि मी? मी गप राहिले. मला कमळ दिसत होती. माझी तीन पोरं दिसत होती. नि मला खरंच वाटलं की सरूबायला तसंच वाटतंय, तिच्याच हातून झालं असं. मनाला बोलले, आता लगेच नको, चार दिवस जाऊ देत, मंग सांगेन.

चार दिवसांची आठ वर्सं कशी होतात ते मला विचारा. पहिल्या दिवशी मी सुया ओवायला गेले नाय, कारण तिच्या घरी सुतक. मंग पेरणी आली. मंग लावणी. तिनं गोधड्या शिवणं सोडलं होतं, लोकांची गाठोडी परत पाठवली, मंग मी जाऊन करायचं काय? असं मी मलाच सांगायची. सकाळी उठून सवयीनं शेवग्यापर्यंत जायची, नि ती ओटीवर बसलेली दिसली की मागं फिरायची. तिच्या तोंडाकडं बघितलं की मला तो चौक दिसायचा, माझे वाकडे टाके दिसायचे.

नि अजून एक गोष्ट. ती सांगताना मला आजही घाम येतो. शहापूरच्या डॉक्टरनं सरूबायला सांगितलं होतं, दोन महिन्यांनी या, हे फूल म्हंजे मोतीबिंदू, पिकला की काढू, दिसायला लागेल. मुरबाडला गाडी बदलून मी तिला नेणार असं आमचं आधी ठरलेलं होतं. तो दिवस आला. मी सकाळी गुरं घेऊन रानात निघून गेले. संध्याकाळी आले तर कोणीतरी सांगितलं, सरूबाय नवं लुगडं नेसून रस्त्याच्या फाट्यावर दुपारपर्यंत बसली होती. मंग कोणीतरी हाताला धरून घरी आणली. त्यानंतर ती कवाच गेली नाय. डाव्या डोळ्यानं जरा उजेड कळायचा, तो पण गेला.

पाड्यात बायका बोलायच्या, पाप केलं, देवानं डोळे नेले. ते ऐकून मी पाणी भरत राहायची. थू माझ्या जिनगानीवर.

माझ्याकडं कोणी गोधडी आणली तर मी एकटी बसून बघितली. दोन बघितल्या. दोन्हींत आतलं लुगडं गोळा झालं, एकीकडं डोंगर नि एकीकडं नुसता पापुद्रा. रखमीला समोर बसवलं तर ती तोंड चालवते, हात चालवत नाय. मंग लोकांनी शहापूरच्या बाजारातून ब्लँकेटं आणायला सुरुवात केली. रंगीत, वाघाच्या चित्राची. आमचं काम संपलं. बरंच झालं, असं मी बोलायची.

आठ वर्सं अशी गेली. देवकीला परत काय मूल झालं नाय. दोन हजार सहाच्या पौषात ती आईकडं येऊन राहिली, सरूबायनं अंथरूण धरलं म्हणून. एका सकाळी देवकी शेवगा ओलांडून माझ्या दारात आली. बोलली, "मावशी, आई बोलावते तुला."

मी गेले. आत अंधार होता. सरूबाय एवढीशी झालेली, अंगावर तीच गोधडी. बाळाची, म्हणून आखूड. पाय उघडे पडलेले. मी उंबऱ्यातच बसले. मला पुढं जाववेना.

"बाईजे, तूच ना?" ती बोलली.

माझं सगळं फुटलं. मी बोलले, "सरूबाय, तो चौक मी शिवला गो. मी. तुझ्या हातून नाय झालं. मी शिवला नि गप बसले."

ती जराशी हसली. हात पुढं केला, माझा हात धरला नि गोधडीच्या मधे नेऊन ठेवला. माझे टाके तिथं तसेच होते, लांब नि वाकडे.

"नांगराचे तास," ती बोलली. "हे मला कळायचे नायत व्हय? त्याच दिवशी कळले. बोट लावलं तेव्हाच."

"मंग तू स्वताचं नाव का घेतलंस?"

"कमळला विसरलीस का? तुझी पोरं लहान होती. माझं काय जाणार होतं? मला आंधळीला कोण दगड मारणार?" तिला दम लागला होता. मंग बोलली, "नि बाळ काय टाक्यानं जातं गो? आठव्या महिन्यात विटा वाहत होती माझी पोर."

मी तिच्या पायावर डोकं ठेवून रडायला लागले. देवकी दारात उभी राहून ऐकत होती, ती पण रडत होती. मला वाटलं, सुटले. आठ वर्सांचं ओझं एका घटकेत उतरलं. तेवढ्यात सरूबाय बोलली, आवाज अगदी साधा, कोणी मिठाचं विचारावं तसा.

"पण बाईजे, एक मला अजून कळलं नाय. तू यायची का बंद झालीस? तुझं पाऊल मला ऐकू यायचं. शेवग्यापर्यंत यायचं नि मागं फिरायचं. मी रोज ओटीवर बसायची. सुया काढून ठेवायची, बोळ्यात नीट टोचून. वाटायचं, आज येईल. मी देवकीला विचारायची, माझं काय चुकलं असंल? मी बाईजेला काय लागेल असं बोलले का?"

मी उठले.

कोनाड्यात तो चिंधीचा बोळा होता. सुयांना गंज चढला होता. मी राखेनं घासून दहाच्या दहा साफ केल्या, दोरा ओवला, तिच्या हातात दिल्या. तिनं एकेक चाचपून मोजल्या नि उशाशी ठेवल्या. "उद्या ये," बोलली.

मी दुसऱ्या दिवशी गेले. रोज गेले. शिवायची ताकद तिच्यात नव्हती, पण मी सुया ओवायची, ती मोजायची, नि मंग मी समोर बसायची. एकोणिसाव्या दिवशी ती गेली.

म्हणून सांगते, गोधडीला समोर बाई लागते. सरूबायनं आठ वर्सं माझी वाट बघितली, नि मी तिला अठरा दिवस दिले.