रविवारी हॉलमध्ये फार आवाज होतो

हे खरं तर मी सांगायचं नाहीये. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी तसं बजावलंय. पण मम्मी-पप्पा दोघांनाही ऐकू येत नाही, त्यामुळे इतरांशी त्यांचं बोलणं माझ्यामार्फत होतं. किस्से साठणारच.

आमच्या मोशीच्या सोसायटीत तळमजल्यावर हॉल आहे. दर रविवारी चाकण, भोसरी, आळंदीकडून पप्पांचे कर्णबधिर मित्र तिथे जमतात. आठवडाभर कंपनीत हाताने बोलणारं कुणी नसतं. हॉलमध्ये खांब नाहीत, उजेड भरपूर. खुर्च्या गोल मांडल्या की सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसतात.

अडचणही तीच. गॅरेजवाल्या सलीम चाचांना मुलीच्या लग्नाचं पप्पांशी खासगीत बोलायचं होतं. म्हणून दोघं बाहेर पार्किंगमध्ये गेले. हॉलला मोठ्या काचेच्या खिडक्या आहेत. दोघं आत आले तेव्हा सगळ्यांनी चाचांचं अभिनंदन केलं. एका काकूंनी मुलगा जरा बुटका असल्याचंही कळवलं.

मम्मी पाचलाच "निघू या" म्हणते. म्हणजे आम्ही आठला निघतो. खरे विषय दारातच निघतात.

एका रविवारी सेक्रेटरी काका आले. "किती आवाज करता. वरपर्यंत येतो. पुन्हा तक्रार आली तर हॉल बंद."

मी हाताने सांगितलं. सगळ्यांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं. पप्पांनी विचारलं, "मी पण?"

"तुम्ही सगळ्यात जास्त."

पप्पा हसले. तोच तो आवाज.

तक्रार आलीच. हॉल बंद करायचा का, हे ठरवायला कमिटीची मीटिंग त्याच हॉलमध्ये भरली. आमच्या बाजूने पप्पा आणि चाचा. सगळे एकदम बोलायला लागले.

"काय म्हणतायत?" चाचांनी मला विचारलं.

"सगळे एकदम बोलतायत. सांगताच येत नाही."

आमच्यात सगळ्यांचं लक्ष हवं असलं की लाईट बंद-चालू करतात. चाचा उठले, लाईट घालवली. मीटिंग गप्प. लाईट लावली, तर सगळे चाचांकडेच बघत होते.

"एकेक जण बोला," ते हाताने म्हणाले. "पोरीला दोनच हात आहेत."

मग एकेक जण बोलला. रविवारचा हॉल आमचाच राहिला. अट एकच, चाचांनी प्रत्येक मीटिंगला यायचं. सेक्रेटरी काका त्यांना स्विचजवळची खुर्ची देतात. परवा चौथ्या मजल्यावरचे आजोबा भाषणाला उभे राहिले, तसे काका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "चाचांना सांग, यांच्या वेळी जरा लवकर..."

मम्मी फरशीवर पाय आपटतेय, म्हणजे मलाच बोलावतेय.