शनिवारचं खोबरेल

रघू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कारखान्यात पाळीवर होतो. सायकल दामटत चिंचवडला आलो, पण आळीच्या तोंडाशी पाय आपोआप खाली टेकले. तिथे रघूने पुरलेला कमरेएवढा दगड आहे. त्याला वळसा घातल्याशिवाय गाडी आत नेता येत नाही. त्या दिवशी तेवढासा वळसा फार लांबचा वाटला...

रघू माझा लहानपणापासूनचा मित्र. हट्टी, तिरसट आणि जिवाला जीव देणारा. पिंपरीकडे कारखाने उभे राहू लागले तशा विटांच्या लॉऱ्या जवळची वाट म्हणून आमच्या आळीतून धावू लागल्या. माणसं, पोरं, बैलगाड्या, लॉऱ्या, सगळं एकाच बोळात. एका सकाळी बैलगाडीला चुकवताना लॉरी कडेला आली आणि रघूची लेक सुशी गेली. एकुलती एक, नुकती शाळेत जाऊ लागलेली. त्यानंतर रघू देवळाची पायरी चढला नाही.

दिवसकार्य उरकलं आणि त्याने पहार उचलून स्वतःचा ओटा फोडला. त्याचं म्हणणं सरळ होतं. सगळ्यांनी ओटे मागे घ्यायचे, एका अंगाला दगडांची ओळ पुरायची, ओळीच्या आतून माणसांनी चालायचं, बाहेरून चाकांनी. तोंडाशी एक मोठा दगड, म्हणजे गाडीला हळू व्हावंच लागेल. लोक कुरकुरले. शेजारची काशीआत्या म्हणाली, "ओटा मोडल्यावर आमी बसायचं कुठं रं?" रघू एवढंच म्हणाला, "आत्या, तुजी नातवंडं हायेत न्हवं अजून?" आधी तिचा ओटा फुटला, मग साऱ्या आळीचे.

तरी लॉऱ्या दगडाला घासून जायच्याच. मग कुणीतरी त्या मोठ्या दगडाला शेंदूर फासला आणि बघता बघता त्याचा मारुती झाला. रघू भडकला, "आरं, द्येव न्हाई त्यो, दगड हाय! म्या पुरलाय!" पण ड्रायव्हर आता लॉरी हळू करून हात जोडू लागले होते. रघूने ते पाहिलं आणि तोंड मिटलं. पुढच्या शनिवारी पाहतो तर हा नास्तिकच तेलाची वाटी घेऊन दगडापाशी उभा, आणि वाटीत खोबरेल! मला हसू आवरेना. म्हटलं, "लेका, मारुतीला खोबरेल कुणी वाहतं का?" "चालतंय," तो म्हणाला आणि माथ्यावर तेल चोळत राहिला. मग दर शनिवारी मी त्याला त्यावरून डिवचायचो. तो कधी हसला नाही.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि रघू गेला. तेराव्यानंतरच्या शनिवारी मी त्याच्या घरी बसलो होतो. वहिनी उठल्या, कोनाड्यातली बाटली काढून वाटीत तेल ओतलं आणि बाहेर निघाल्या. मी मागोमाग गेलो. म्हटलं, "वहिनी, तुम्ही कशाला? आळीतलं कुणीही वाहील मारुतीला."

त्या थांबल्या. "भावजी, ह्यांनी मारुतीला कवा तेल घातलंच न्हाई. शनवारी साळा लवकर सुटायची. सुशी घरी आली की हेच तिच्या डोस्क्याला तेल लावायचे... दगड पुरताना मला इचारलं व्हतं, 'एवढीच व्हती न्हवं गं?' मी व्हय म्हनले, तवा माती लोटली."

समोरून विटांची लॉरी आली, हळू झाली, ड्रायव्हरने हात जोडले आणि वळसा घालून गेली. वहिनींनी मान वर केली नाही. त्या दगडाच्या माथ्यावर तेल जिरवत होत्या, बोटांच्या टोकांनी, दुखू नये अशा बेताने.